'तांबडी चामडी'च्या पुढे काय? क्रेटेक्स, मराठी हाऊस आणि आपल्या मातीतले प्रोड्यूसर

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. नाट्यसंगीत, गझल, भावगीतं यांवर इथे भरभरून लिहिलं जातं. इलेक्ट्रॉनिक संगीतावरचे धागे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुतेक 'डीजेचा त्रास' या अंगाने जाणारे. तो त्रास खराच आहे, त्यावरही बोलूच. पण २०२४ मध्ये जे घडलं त्याची नीट दखल आपण मराठी माणसांनी घ्यायला हवी, म्हणून हा धागा.

क्रेटेक्स, म्हणजे क्रुणाल घोरपडे, आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' त्या वर्षी आलं. आलं ते स्पिनिन रेकॉर्ड्सवरून. हे नेदरलँड्सचं लेबल, म्हणजे गाणी प्रकाशित करणारी कंपनी. जगभरचे डीजे नवा माल कुठे शोधतात, तर अशा लेबलांवर. तिथून अस्सल मराठी बोलातलं गाणं निघालं आणि मराठीचा गंध नसलेली माणसं त्यावर नाचली. क्रेटेक्स आपल्या या शैलीला 'एम-हाऊस' म्हणतो, म्हणजे मराठी हाऊस. हाऊस हे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत.

गाणं गाजलं, व्हायरल झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते कारागिरीवर. हाऊसचा सांगाडा अगदी साधा असतो. प्रत्येक मात्रेवर किक (ड्रमचा खोल ठोका), दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी, दोन किकच्या मधोमध हाय-हॅट (झांजेसारखा बारीक आवाज). लय साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोके. हा सांगाडा जगभर सारखाच, त्यामुळे गाण्याची ओळख ठरते ती मधल्या रिकाम्या जागेत काय भरलंय त्यावर. इथे त्या जागेत मराठी बोलणं बसवलंय. गाणं गायलं कमी आणि म्हटलं जास्त आहे. आपल्या ट, ड, च, झ या व्यंजनांना जो फटका आहे तो स्वतःच तालवाद्याचं काम करतो. स्वर लांबवले असते, भावगीतासारखे लडिवाळ केले असते, तर तो फटका गेला असता. आजवर आपल्याकडे 'मराठी गाणं नव्या ढंगात' म्हणजे जुन्या चालीखाली बीट सरकवायचा, एवढंच चालायचं. इथे भाषेचा उच्चारच बीटचा भाग झाला, आणि माझ्या मते हीच त्या यशामागची खरी गोष्ट आहे.

हे आभाळातून पडलेलं नाही, हेही सांगायला हवं. मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी तीन रोलँड यंत्रं घेतली: जुपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ रिदम मशीन आणि टीबी-३०३ बास मशीन. त्यावर यमन, मालकंस, कलावती, मधुवंती असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. एचएमव्हीने ती छापली, पण तेव्हा तिची कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाच्या लेबलने ती पुन्हा काढली आणि जग चकित झालं. कारण शिकागोत ज्याला 'अ‍ॅसिड हाऊस' म्हणतात त्याची पहिली गाजलेली रेकॉर्ड १९८७ ची, आणि त्यातलं मुख्य यंत्र हेच टीबी-३०३. चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईतच वारले. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांना युरोपात मंच मिळाला. इथे मात्र त्यांचं नाव आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

पुढे न्यूक्लिया या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने २०१५ मध्ये 'बास रानी' हा अल्बम गणपती विसर्जनाच्या दिवसांत मुंबईत आणला, तोही मोफत डाउनलोडला ठेवून. पुण्यात वाढलेल्या रित्विजचं 'उड गये' २०१७ मध्ये आलं. या सगळ्यांत मराठी भाषा मात्र नव्हती. ती आता आली.

तुम्ही काय ऐकता? तुमच्या गावात, कॉलेजात, मंडळात असं काही करणारं कुणी आहे का? आणि हे पुढे कुठे जावं असं वाटतं?

तंबोरा

मंद्रसप्तक, चरणजित सिंगांचा उल्लेख केलात, फार बरं वाटलं. मी मुळात ख्याल ऐकणारा. ती रेकॉर्ड मी एका मित्राच्या आग्रहाखातर ऐकली आणि कलावतीपाशी अडकलो.

राग या यंत्रांवर इतका सहज का बसला, यावर बरंच डोकं लावलंय. टीबी-३०३ एका वेळी एकच स्वर वाजवतं. त्यात 'स्लाइड' नावाची सोय आहे, तिने एक स्वर दुसऱ्यात घसरत जातो. अस्सल मींड ती नव्हे, पण मींडेच्या दिशेने जाणारी आहे. दुसरं असं की आपल्या संगीतात कॉर्ड बदलत नाहीत. षड्ज ठरला की ठरला, तंबोरा तोच राहतो. क्लबच्या संगीतातही तासन् तास एकाच आधारस्वरावर इमारत उभी असते. पियानोवर मालकंस वाजवताना जी अडचण वाटते ती इथे येतच नाही.

माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. आजची मुलं ऑटो-ट्यून सरसकट लावतात. ते यंत्र गळा ओढून समान अंतराच्या बारा स्वरांवर नेऊन बसवतं. पण तंबोऱ्यातून जो शुद्ध गंधार आपसूक ऐकू येतो, तो त्या समान अंतराच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट खाली आहे (शेजारच्या दोन स्वरांतलं अंतर १०० सेंट). दरबारीचा कोमल गंधार तर झुलायलाच हवा. यंत्र त्याला झुलू देत नाही, खिळा मारून ठेवतं. शास्त्रीय तालीम घेतलेला मुलगा लॅपटॉपसमोर बसतो आणि दहा वर्षांची मेहनत एका बटणाने सपाट करतो, याचं वाईट वाटतं.

खालचा_सा

@तंबोरा, मी प्रोड्यूसर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर गाणी बनवतो. छोटा आहे, पण रोज हेच काम करतो. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यावर उपायही आहे. ऑटो-ट्यूनमध्ये 'रीट्यून स्पीड' असतो. तो एकदम जलद ठेवला की रोबोटसारखा आवाज येतो. संथ ठेवला तर मींड, आंदोलन सुटून जातात आणि फक्त लांबवलेला बेसूर स्वर जागेवर येतो. शिवाय कोणते स्वर पकडायचे आणि कोणते मोकळे सोडायचे हेही ठरवता येतं. मी तर गंधार-निषाद मोकळेच ठेवतो आणि तिथे गायकाकडूनच पुन्हा गाऊन घेतो. आळस केला तर सपाट होतं, एवढंच.

तंबोऱ्याबद्दल आणखी एक. तयार सॅम्पल म्हणून मिळणारा तंबोरा बहुतेकदा पाचेक सेकंदांचा तुकडा असतो आणि तोच फिरत राहतो. ती जव्हारी, म्हणजे तारांची घुमणारी झणकार, कानाला लगेच खोटी वाटते. चार तारा वेगवेगळ्या रेकॉर्ड करून प्रत्येकीला वेगळ्या लांबीने फिरवलं की त्या एकमेकींवर कधीच तंतोतंत तशाच पडत नाहीत. लगेच जीव येतो.

ऑक्टापॅड

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवला, हळदीला, वरातीला, जत्रेत. आज पोरं लॅपटॉपवर जे करतात त्याची अर्धी शाळा तिथे झाली. कोळीगीतातून लावणीत, लावणीतून भीमगीतात, भीमगीतातून नव्या सिनेमाच्या गाण्यात, मध्ये एक मात्रा न सांडता जायचं. नाचणाऱ्याचा पाय थांबला तर बिदागी थांबली. डीजे दोन गाणी जोडतो म्हणजे दुसरं काय करतो?

मोठ्या शहरांतल्या नावांचं कौतुक जरूर करा. पण सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर या पट्ट्यात हलगी मिक्स, संबळ मिक्स, ढोल मिक्स बनवणारी पोरं गेली कितीतरी वर्षं यूट्यूबवर आहेत. त्यांची गाणी प्रत्येक मिरवणुकीत वाजतात. घरात एक जुना कॉम्प्युटर, त्यात एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर. पेपरात नाव नाही, लेबल नाही. गाण्याच्या मधे स्वतःच्या नावाची आरोळी टाकतात, ती कुणी चोरू नये म्हणून. लोकांना ती आरोळी खटकते. मला नाही खटकत. दुसरी सही त्यांच्याकडे नाही.

हलगीबद्दल सांगतो, कारण शहरातली पोरं सॅम्पल विकत घेऊन तिची वाट लावतात. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. कडं धरून पेटत्या पाचटावर किंवा कागदाच्या जाळावर फिरवायची, चामडं ताणलं की बोटाने टिचकी मारून बघायचं. 'टण्' आला पाहिजे. मग लगेच वाजवायची, कारण दमट हवेत ती बघता बघता उतरते. रेकॉर्ड करताना एकाच माइकने भागत नाही. समोरून टिपरीचा फटका येतो, पण घुमारा मागच्या बाजूला असतो. दोन्हीकडे माइक लावा आणि मागच्याचा फेज उलटा (म्हणजे आवाजाची लहर उलटी) करून बघा, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांना खातात. आणि एक ठोका घेऊन तोच चिकटवू नका! आमचा वाजवणारा सलग सोळा ठोके मारतो ते सोळाही वेगळे असतात. त्यातच नाच आहे.

मी वाजवलेला एक ठेका कुणीतरी उचलून गाण्यात टाकला. ते गाणं दर वर्षी गावोगाव वाजतं. नाव नाही, पैसा नाही. राग त्या पोरावर नाही, पण हे असंच चालणार का?

मंद्रसप्तक

ऑक्टापॅड, तुमचा प्रतिसाद कापून ठेवावा असा आहे. मनापासून आभार. बेंजो पार्टी आणि ऑर्केस्ट्रा यांना वगळून मराठी नृत्यसंगीताचा इतिहास लिहिता येणारच नाही, आणि तो लिहिला जायला हवा. शक्य असेल तर त्या काळच्या वादनाबद्दल स्वतंत्र धागा काढाच.

गिरगावकर

मी या धाग्यावर विरोधी सूर लावणार आहे, पण संगीताच्या प्रेमापोटीच.

माझ्या घरात ऐंशी ओलांडलेली आई आहे. मिरवणुकीच्या रात्री खिडकीच्या काचा थरथरतात, तिची छाती धडधडते. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. नियम असे आहेत, आणि रस्त्यावर काय होतं ते आपण सगळे जाणतो.

तुम्ही ज्याला उदय म्हणता तो मिरवणुकीतल्या या स्पीकरच्या भिंतींच्या जिवावर झालेला असेल तर मला त्याचा आनंद मानता येत नाही.

खालचा_सा

@गिरगावकर, आईंना त्रास होतो हे वाचून वाईट वाटलं. तुमच्याशी वाद नाही. फक्त आतली गोष्ट सांगतो.

त्या भिंतींवर जे वाजतं त्यात आमचं गाणं उरतच नाही. सिस्टीम भाड्याने देणारा सगळे नॉब टोकाला नेऊन ठेवतो. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली की लहरींची डोकी छाटली जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात. त्यातून नुसता करकरीत गोंगाट तयार होतो. कानाला इजा होतेच, स्पीकरची कॉइलही जळते. चांगल्या जागी, नीट लावलेल्या सिस्टीमवर तेच गाणं कमी आवाजात अंगाला भिडतं.

बासचं शास्त्रही असंच आहे. ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण पावणेसहा मीटर. ती भिंतीने अडत नाही, वळून घरात येते. म्हणून तुमच्या खिडकीला शब्द ऐकू येत नाहीत, फक्त धडधड येते. मोकळ्या मैदानात सब-वूफर विशिष्ट पद्धतीने मागे-पुढे मांडले तर मागच्या बाजूचा बास बराच कमी करता येतो. मोठ्या मैफलींत हे सर्रास करतात. मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर कुणी करत नाही. आपल्या डीजे मंडळींनी मंडळांना हे ठणकावून सांगायला हवं, नाहीतर बंदी येईल तेव्हा कलाकार आणि भिंतवाला दोघेही एकाच कोयत्याखाली जातील. आणि ज्यांनी नियम पाळले तेही जातील.

गिरगावकर

हे पटलं. मंडळाच्या बैठकीत मी हाच मुद्दा घेऊन जाईन. मांडणीबद्दल जरा सविस्तर लिहाल का? चित्र असेल तर उत्तम.

रानजाई

मला रित्विजबद्दल थोडं. त्याचा आवाज ऐकला की लगेच कळतं की हा मुलगा गाणं शिकलाय. आलापाचा तुकडा घेऊन तो कापतो आणि तालावर पेरतो. बाकीचे प्रोड्यूसर आवाजासाठी दुसऱ्याचं सॅम्पल शोधत बसतात, हा स्वतःच्या गळ्याचंच सॅम्पल करतो. २०२२ चा 'मिम्मी' हा अल्बम तर त्याने आईला सोबत घेऊन केला. माझ्या मते वर येण्याचं हे मोठं कारण आहे. गळा स्वतःचा असला की त्याची नक्कल होत नाही.

मराठीत असा गाणारा प्रोड्यूसर हवाय मला. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये कुठल्या कुठे पोचलं, जळगाव जिल्ह्यातला मुलगा, संगीत जी-स्पार्कचं. ते हाऊस नव्हे, पॉप म्हणा. पण शब्द, गळा आणि संगीत असं सगळं आपल्याकडेच तयार होतं तेव्हा काय होतं ते त्यातून दिसलं.

तंबोरा

रानजाई, सहमत. फक्त एक भर. गळा 'शिकलेला' असणं आणि 'ओळखीचा' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाहिराचा, वासुदेवाचा, गोंधळ्याचा गळा घराण्यात शिकलेला नसेल, पण पहिल्या हाकेत ओळखू येतो. तसा गळा या नव्या संगीतात यायला हवा, आणि तो गाणाऱ्याला सन्मानाने बोलावून यावा, मोबाइलवर चोरून टिपून नव्हे.

कलम_बावन्न

ऑक्टापॅड यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. वकिली करतो, त्यामुळे थोडं कोरडं वाटेल.

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. रिमिक्स करणाऱ्याने मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा वापरला की दोन्ही हक्कांना हात लागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-क मध्ये कव्हर व्हर्जनची सोय आहे, पण ती नव्याने गाऊन-वाजवून केलेल्या मुद्रणाला, तीही मूळ गाणं निघाल्याच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटल्यावर, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी देऊन. मूळ रेकॉर्डिंग कापून चिकटवायला ती लागू नाही.

लग्नाच्या वरातीत गाणी वाजवण्याला कलम ५२ मध्ये सूट आहे. पण ती वाजवण्यापुरती. तेच मिक्स इंटरनेटवर चढवायला त्या सुटीचा आधार नाही. अनेक डीजेंचे चॅनेल एका रात्रीत बंद होतात त्याचं कारण हे.

वादकाच्या बाबतीत: रेकॉर्डिंगच्या दिवशीच एका कागदावर लिहून घ्यावं. कोणी वाजवलं, किती हिस्सा, नाव कसं जाणार. दोघांच्या सह्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरा. स्वतःची चाल किंवा शब्द असतील तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हिस्सा करारानेही काढून घेता येत नाही, हे फार थोड्या जणांना माहीत असतं.

ऑक्टापॅड

वकीलसाहेब, हे आमच्या सगळ्या वादकांच्या ग्रुपवर टाकतो. कुणी सांगितलंच नव्हतं हो हे आम्हाला.

चैत्रपालवी

धागा पहिल्यापासून वाचला. माझी लेक बारावीत आहे. हार्मोनियमच्या दोन परीक्षा झाल्यात आणि आता म्हणते इलेक्ट्रॉनिक म्युझिक प्रोड्यूसर व्हायचं. घरात विरोध नाही, पण काहीच माहीत नाही. कोर्सवाले मोठमोठी फी सांगतात. मुलींना रात्रीच्या कार्यक्रमांत कितपत जमेल ही धाकधूक वेगळीच. काय करावं?

खालचा_सा

ताई, आधी एक गोष्ट. प्रोड्यूसर आणि डीजे ही दोन कामं आहेत. डीजेला रात्रीचे कार्यक्रम करावेच लागतात. प्रोड्यूसरला नाही. जाहिराती, वेब सीरिज, नाटकांचं पार्श्वसंगीत, दुसऱ्या गायकांची गाणी, हे सगळं दिवसा, स्टुडिओत किंवा घरून चालतं. मुंबईच्या सॅन्ड्यून्सचं, म्हणजे सनाया अर्देशिरचं, काम तिला ऐकवा. ती स्वतः पियानो वाजवत इलेक्ट्रॉनिक संगीत करते, तेही आपल्या तब्येतीने.

कोर्स आत्ता नको. कॉम्प्युटर घरात असेल तर एकच सॉफ्टवेअर निवडू द्या, एफएल स्टुडिओ किंवा एबलटन, आणि वर्षभर ते बदलू नका. दोन्हींच्या चाचणी आवृत्त्या मिळतात. पहिला खर्च करायचाच तर चांगल्या हेडफोनवर करा. पियानोच्या पट्ट्यांचा छोटा कंट्रोलर नंतर. हार्मोनियम येते म्हणजे तिचा हात तयार आहे, हा मोठा फायदा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, गाणी पूर्ण करायची सवय. बहुतेक मुलांकडे आठ मात्रांचे शंभर तुकडे असतात आणि पूर्ण गाणं एकही नसतं. वाईट झालं तरी शेवटपर्यंत न्यायचं, मग पुढचं. तिच्या आवडीचं एखादं गाणं सॉफ्टवेअरमध्ये टाकून कुठे किक थांबते, कुठे आवाज एकटा राहतो, किती मात्रांनी नवीन वाद्य येतं, हे खुणा करून बघायला सांगा. अशी दहा गाणी उलगडली की कोर्सइतकं शिकून होतं.

मिक्स ऐकायचं ते हेडफोनवर, मग मोबाइलच्या स्पीकरवर, मग कुणाच्या तरी गाडीत. मोबाइलवर खोल बास ऐकूच येत नाही, त्यामुळे तिथे बासची चाल हरवली तर त्यात थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी खरखर) घालून वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) आणायचे.

ऑक्टापॅड

ताई, तुम्ही कुठे राहता ते इथे लिहू नका, मला निरोप धाडा. आमच्यातला कुणीतरी हलगी, संबळ, दिमडी घेऊन येईल. पोरीने स्वतःच्या हाताने रेकॉर्ड करावं. बाजारातलं सॅम्पल घेण्यापेक्षा ते बरं. आणि वकीलसाहेबांनी सांगितलेला कागद तिच्याकडूनच लिहून घेऊ, पहिल्याच दिवशी.

चैत्रपालवी

निरोप पाठवलाय. ती विचारतेय की संबळाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या माइकवर घ्यायच्या का?

ऑक्टापॅड

हो, वेगवेगळ्याच. दोन भांड्यांचा आवाज निराळा असतो. मोठ्याला माइक जरा लांब ठेवायचा, लहान्याला जवळ. वाजवणारा उभा राहून, कमरेला बांधून वाजवतो, त्यामुळे स्टँड उंच लागेल. तो नसला तर कपड्यांचा स्टँडही चालतो.